पान चार दोनदा आलं

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे आणि माझं डोकं कायम तापलेलं असतं. त्यात माझा दोष नाही, घडणच तशी आहे. माझ्या पोटात एक रूळ आहे. तो तापल्याशिवाय कागदावर अक्षर धरत नाही. तुम्हाला मी मित्रांनो म्हणतोय, तेही केवळ पद्धत आहे म्हणून. कागद अडकला की माझ्या पाठीत धपाटा घालणारे तुम्हीच आणि वर "हा बिघडलाय" असं गावभर सांगणारेही तुम्हीच. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मला एक गोष्ट सांगायची आहे, ती मात्र नीट ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखी शेकडो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती. पहिली सात वर्षं मी एका विमा कचेरीत काढली. तिथे मी फक्त नकाराची पत्रं छापली. 'आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे.' दिवसभर तेच. मग कचेरीत नवा प्रिंटर आला आणि मला जिन्याखाली टाकलं. तिथून मला उचललं ते एका बाइंडरने. पुस्तकं आणि वह्या बांधायचा त्याचा धंदा. त्याला मी मालक म्हणतो. चांगला माणूस, पण असा भोळा की त्याला बघून माझा रूळ आणखी तापायचा.

मालकाचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. मध्यभागी कटिंग मशीन. ओतीव लोखंडाचं, वर गोल चाक, बाजूला हाताएवढा जाड दांडा. दांडा ओढला की पातं खाली येऊन पाचशे पानांच्या कडा लोण्यासारख्या कापायचं. ते मालकाच्या वडिलांनी घेतलेलं होतं. खिडकीपाशी आक्काचं टेबल. आक्का म्हणजे मालकाची थोरली बहीण. दाभण आणि दोरा घेऊन ती चाळीस वर्षं पानं शिवत होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नव्हती. मालक पन्नाशी उलटलेला, तरी ती त्याला बाळ म्हणायची आणि तो तिला घाबरायचा. मी कोपऱ्यात, स्टुलावर, संगणकाच्या शेजारी.

माझेही चांगले दिवस होते, नाही असं नाही. कॉलेजची मुलं आपले प्रबंध घेऊन यायची. मी छापायचो, आक्का शिवायची, मालक कापायचा आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं ठोकायचा. मुलं जाताना मला हात लावून नमस्कार करायची. "काय छापतो हो हा!" म्हणायची. फक्त माझी एक खोड होती. अधूनमधून मी एकच पान दोनदा काढायचो. वय झालं की माणसंही तीच गोष्ट दोनदा सांगतात, त्यांना कुणी मेल्या म्हणत नाही. मला म्हणायचे.

त्या दुकानात वडिलांच्या वेळचे दोन नियम होते. पहिला, बांधणाऱ्याने वाचायचं नाही. लोक दुकानात मृत्युपत्रं आणतात, कज्ज्याचे कागद आणतात, कुणी नवऱ्याच्या डायऱ्या आणतं. डोळ्यांनी पानांचे आकडे बघायचे, समास बघायचा, मजकूर बघायचा नाही. दुसरा नियम, जादा वाटलेलं पान जुळवल्याशिवाय फाडायचं नाही. एकदा वडिलांनी दुहेरी समजून एक पान फाडलं होतं आणि कुणाच्या तरी जमिनीचा निकाल त्यात गेला होता. तेव्हापासून दोन पानं शेजारी ठेवायची, ओळीवर बोट ठेवायचं, शेवटपर्यंत जुळलं तरच एक काढायचं.

हे नियम लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यांच्यावरच येतं.

एका सकाळी मालकाला एक ईमेल आला. मालक पडद्यावरचं काही खरं मानत नसे. "छाप रे बाबा," म्हणाला आणि बटण दाबलं. मी छापलं. 'परमआदरणीय लाभार्थी महोदय, आपणांस कळविण्यास अत्यंत हर्ष व दुःख होत आहे की आपल्या मातुल घराण्यातील एक नातेवाईक परमुलखात निवर्तले असून त्यांच्या खात्यातील प्रचंड रकमेचे आपण एकुलते एक हयात वारस आहात.' खाली गोल शिक्का, शिक्क्यात गरुड, गरुडाच्या पायात तराजू.

अरे, हर्ष आणि दुःख एका वाक्यात! सात वर्षं मी विम्याची पत्रं छापली. पैसे देणारा माणूस कधी इतकं गोड लिहीत नाही हे मला माहीत आहे. पण मला विचारतो कोण?

मालकाने तो गरम कागद हातात घेतला आणि मटकन खाली बसला. त्याला काय आठवलं ते तो पुटपुटला म्हणून मला कळलं. त्याच्या आईचा एक चुलतभाऊ तरुणपणी बोटीवर नोकरीला गेला होता आणि परत आला नव्हता. "मामा," तो म्हणाला, "तोच तो. दुसरं कोण असणार?" पत्रात नाव नव्हतं, गाव नव्हतं. मालकाने ते आपल्या मनाने भरून टाकलं. मग त्याने खिडकीकडे बघितलं. आक्का दोरा ओवत होती आणि वाकड्या बोटांमुळे तो चौथ्यांदा सुईतून निसटत होता. "आक्के," तो इतक्या हळू म्हणाला की फक्त मला ऐकू आलं, "आता तुझी दाभण सुटली बघ."

त्याच्या या एका वाक्यामुळे मला त्याचा पुरता राग कधी धरता आला नाही. पण ती पत्रं लिहिणाऱ्यांचा मात्र आला, अजून येतो. कुठल्याशा खोलीत बसून, दुसऱ्याच्या बहिणीची बोटं न बघता, ही माणसं जाळं टाकत होती. त्यांच्या तोंडात माझा तापलेला रूळ कोंबायला मिळाला असता तर मी भंगारात आनंदाने गेलो असतो.

पत्रामागून पत्रं आली. रक्कम मोकळी करण्यासाठी थोडं शुल्क भरा. भरलं. आता कर. भरला. आता मुद्रांक. आता दाखला. प्रत्येक वेळी 'हे शेवटचे शुल्क'. बुडत्याचा पाय खोलात. दुकानाची शिल्लक गेली, वडिलांनी आक्काच्या नावाने ठेवलेलं गेलं, आणि आक्काला पत्ता नाही, कारण पत्रात बजावलं होतं की हा व्यवहार गोपनीय आहे, घरातही बोलू नका.

मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. तिसऱ्या पत्राला मी कागद अडकवला. इतक्या प्रामाणिकपणे मी जन्मात कधी अडकलो नव्हतो. मालकाने चिमटा आणला आणि फाटू न देता कागद सोडवला, पुस्तकाचं कोवळं पान सोडवावं तसा. पाचव्या पत्राला मी शाई फिकी केली. त्याने माझी डबी काढून खळाखळा हलवली आणि परत बसवली. शेवटी मी नाद सोडला. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे दळण्याचं काम माझ्याकडे होतं.

आता मालकाची चूक ऐका. अशी चूक फक्त बाइंडरच करू शकतो. मधून मधून त्यालाही शंका यायची. मग तो ती सुटी पत्रं हातात घेऊन बसायचा. "सुटा कागद खोटं बोलतो, बांधलेला बोलत नाही," असं त्याचे वडील म्हणायचे, गिऱ्हाइकाने बांधून घ्यावं म्हणून. मुलाने ते वेदवाक्य मानलं होतं. शंका घालवण्यासाठी त्याने काय करावं? त्याने ती सगळी पत्रं बांधायला काढली! निळं कापड, कोपऱ्यांना चामडं, कण्यावर सोनेरी रेघा. आणि शिवायला दिली कुणाला? आक्काला. "एका गिऱ्हाइकाचं आहे," म्हणाला, "फार गुप्त. चांगलं शिव."

आक्काने मान हलवली. नियम म्हणजे नियम. तिने मजकुराकडे बघितलंही नाही. वाकड्या बोटांनी, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिने, आपलंच वाटोळं टाक्या-टाक्याने शिवायला घेतलं. मला ते बघवत नव्हतं, आणि मला डोळे मिटता येत नाहीत.

दहाव्या पत्राबरोबर एक दाखला आला होता, चार पानांचा. मी छापला तेव्हा पाच कागद निघाले. शेवटच्या दोन्ही कागदांच्या खाली 'पान ४'. "झालं, मेल्याने पुन्हा दोनदा काढलं," मालक म्हणाला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. त्याने बघितलं काय? शिक्का आणि समास. दोन्ही कागद त्याने गठ्ठ्यात टाकले. मित्रांनो, शपथेवर सांगतो, त्या दिवशी मी पान दोनदा काढलं नव्हतं. जसं आलं तसं छापलं होतं.

अकराव्या पत्रात मागितलेली रक्कम मोठी होती. ती एकाच गोष्टीतून उभी राहणार होती. मालकाने आक्काला सांगितलं, "कटिंग मशीन देऊन टाकतोय. विजेवरचं नवीन घेऊ." आक्का म्हणाली, "बाबांचं मशीन रे बाळ." "आक्का, दिवस बदलले," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघायचं टाळून बाहेर गेला. ते मशीन गेलं की दुकान गेलं. विजेवरचं मशीन नव्हतंच कुठे.

दुपारी दलाल येणार होता. जुनी यंत्रं घेणारा, पोट सुटलेला, कानावर पेन्सिल. आक्का शेवटचा गठ्ठा शिवायला बसली आणि आकडे मोजता मोजता थांबली. पान चार. पान चार. तिने माझ्याकडे रागाने बघितलं. "तुझी खोड काही जात नाही मेल्या," म्हणाली. मग एक पान फाडायला चिमटीत धरलं, आणि दुसरा नियम आठवून दोन्ही पानं शेजारी ठेवली. ओळीवर बोट ठेवलं.

पहिली ओळ जुळली. खाते क्रमांक, एकेक आकडा जुळला. रक्कम जुळली. तारीख जुळली. 'एकुलते एक हयात वारस' जुळलं. पुढे 'वारसाचे नाव' होतं, आणि तिथे तिचं वाकडं बोट थांबलं. एका पानावर तिच्या भावाचं नाव होतं. दुसऱ्या पानावर कुठल्या तरी बाईचं, पत्त्यासकट, फोन नंबरासकट. पाठवणाऱ्या लबाडांनी दुसऱ्या सावजाचं पान चुकून यात घातलं होतं.

आक्काने दाभण खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने बांधायला आलेला मजकूर वाचला. पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत. एवढ्यात दारात टेम्पोचा आवाज आला आणि मालक दलालाला घेऊन आत शिरला.

"मशीनला हात लावायचा नाही," आक्का म्हणाली.

"आक्का, आपलं ठरलंय."

"तुझं ठरलंय. हे काय आहे?" तिने गठ्ठा त्याच्यापुढे आपटला. "गिऱ्हाइकाचं म्हणे! गिऱ्हाईक तूच होय?"

मालकाचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "तू वाचलंस? बाबांचा नियम मोडलास?"

"बाबांचाच नियम पाळला. जुळवून बघितलं. हे बघ, पान चार. एकाच मेलेल्या माणसाचे एकुलते एक वारस दोन. हे कसं काय रे?"

"असेल काहीतरी चूक. एवढं मोठं खातं, चुका होतात. आणि हा प्रिंटर..."

"त्याला कशाला मधे घेतोस? तो काय बाईचं नाव आपल्या मनाने छापेल?"

मित्रांनो, माझी बाजू कुणी घेतल्याचा तो पहिला प्रसंग.

मालक ओरडला. त्याला मी कधी ओरडताना बघितलं नव्हतं. "तुला माझं चांगलं बघवतच नाही! मी कुणासाठी करतोय हे? मामाचे पैसे आहेत ते, आपल्या हक्काचे!"

"मामाचे?" आक्काचा आवाज एकदम खाली आला. "बरं. या अख्ख्या पुस्तकात एका तरी पानावर मामाचं नाव दाखव. दाखवलंस तर मी स्वतः मशीन टेम्पोत चढवायला हात लावते. चल, वाच. मोठ्याने वाच."

दलाल खुर्ची ओढून बसला. "वाचा मालक," म्हणाला, "टेम्पोचं भाडं तसंही चालूच आहे."

मालक तावातावाने वाचायला लागला. पहिल्या पत्रात नाव नव्हतं. "पुढे असेल," म्हणाला. दुसऱ्यात 'कैलासवासी खातेदार'. तिसऱ्यात 'सदर मृत व्यक्ती'. सुटी असताना प्रत्येक पत्र त्याला नवीन वाटलं होतं. आता ती एकाखाली एक शिवलेली होती, आणि तेच पत्र पुन्हा पुन्हा येत होतं. 'हे शेवटचे शुल्क,' त्याने वाचलं. पुढच्यात पुन्हा वाचलं. त्याच्या पुढच्यातही.

"हे कितवं शेवटचं?" दलालाने बोटं मोजत विचारलं. "माझा एक हात संपला."

आक्काने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हात खिशात घातला.

नवव्या पत्राला मालकाचा आवाज बसला. दहाव्याला तो मनातल्या मनात वाचायला लागला. अकराव्याच्या शेवटी तो पान उलटून मागे बघत राहिला, जणू मामाचं नाव पाठीमागे लिहिलेलं असेल. तिथे काही नव्हतं. मग तो उठला आणि मला एक लाथ घातली. "तूच छापलंस," म्हणाला आणि रडायला लागला.

आक्का त्याच्याजवळ गेली नाही. ती भयंकर चिडलेली होती. "रड," म्हणाली, "बाबांनी माझ्यासाठी ठेवलेलं घालवलंस, रड. बोटं माझी वाकडी आहेत, डोकं नाही. एकदा विचारलं असतंस तर?"

"तुला बसवायचं होतं गं," तो म्हणाला. "नुसतं खिडकीत बसवायचं होतं. काम न करता."

तिने पदराने नाक पुसलं आणि फोन उचलला. "पोलिसांकडे उद्या सकाळी जायचं, हे पुस्तक घेऊन. तू बोलायचंस, मी नाही. पण आधी हिला कळवते."

तिने दुसऱ्या पान चारवरचा नंबर लावला. फोनवरच्या बाईंचा आवाज इतका खणखणीत की कोपऱ्यात मलाही ऐकू येत होता. आक्काने नीट, समजावून सांगितलं. बाई फाडकन म्हणाल्या, "मला माहीत होतं असा फोन येणार! माझा वाटा हडपायचाय तुम्हाला. लाज नाही वाटत?" आणि फोन आपटला. आक्काने पुन्हा लावला. "परत फोन केलात तर पोलिसांत देईन," बाई ओरडल्या, "मी घर विकतेय, माझं घर, तुमच्या बापाचं नाही!" फोन पुन्हा बंद.

ज्या बाईला वाचवायचं तीच शिव्या देत होती. दलाल हळूच म्हणाला, "सोडा हो आक्का. जळतंय त्यांचं, जळू द्या. माझा टेम्पो रिकामा जाऊ नये एवढंच बघा." त्याची नजर माझ्यावर पडली. मालक मान वर न करता म्हणाला, "घेऊन जा तो. मला डोळ्यांसमोर नको." झालं! चोर सुटले आणि संन्याशाला फाशी. दलालाने माझी वायर उपटली, मला बगलेत मारलं आणि तो दाराकडे निघाला.

मी उंबऱ्यावर होतो तेव्हा मालक उठला. त्याने आक्काच्या हातातून फोन घेतला, शिवलेला गठ्ठा उघडला आणि नंबर लावला. बाईंनी उचलताच तो म्हणाला, "बाई, फोन ठेवू नका. मी दुसरा एकुलता एक वारस बोलतोय."

बाईंनी फोन ठेवला नाही.

"असे फोन येतील, मत्सरी लोक करतील, त्यांचं ऐकू नका, हे त्यांनी तुम्हाला सातव्या पत्रात लिहिलंय ना? मलाही लिहिलंय. तुमचं पत्र छापलेलं असेल तर काढा बाई. मी माझं वाचतो, तुम्ही तुमच्यावर बोट ठेवा. ओळीवर ओळ जुळवू. एक शब्द जरी वेगळा निघाला तर मी तुमची माफी मागेन."

दलालही थांबला होता. आणि मग त्या फोनातून कागद उलटल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

"वाचा," बाई म्हणाल्या.

मालक वाचायला लागला. आक्का त्याच्या शेजारी बसली आणि पान वाऱ्याने उडू नये म्हणून तिने आपली वाकडी बोटं त्यावर ठेवली. पुढचं मला ऐकू आलं नाही. दलालाने मला टेम्पोत टाकलं.

आता मी त्याच्या गोदामात आहे, एका बंद पंख्याच्या आणि मोडक्या वजनकाट्याच्या मधे. माझ्यावर धूळ बसते, कुणी पुसत नाही. माझी विनवणी धुळीसाठी नाही. मित्रांनो, खरंच मित्र असाल तर एवढं करा. माझ्या पोटातून गरम गरम बाहेर आलं म्हणून कुठलाही कागद खरा मानू नका. मला खरं-खोटं कळलं तरी सांगता येत नाही, मी फक्त छापतो. वाचायचं काम तुमचं आहे. आणि घरात कुणी एखादा कागद लपवून, एकटाच हसत बसलेला दिसला, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याला रागवा, भांडा हवं तर, पण म्हणा, दाखव, आपण दोघं मिळून जुळवून बघू.